इंग्रजी येतं हो, पण कागद कुठाय? (यूकेचा वर्क व्हिसा)

नट-बोल्ट | २० जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३६. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सायन्स, मग २०११ सालचं बी.ई. मेकॅनिकल. यूकेत वेस्ट मिडलंड्समधल्या एका कंपनीने तीन मुलाखती घेऊन ऑफर दिली आहे. स्किल्ड वर्कर व्हिसा. आता त्यांच्या एचआरच्या बाईंचं म्हणणं असं की सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी कंपनीने द्यायचा दाखला) काढू, पण तुझा इंग्रजीचा पुरावा तयार ठेव.

मी म्हटलं, मॅडम, आपण आत्ता पाऊण तास कुठल्या भाषेत बोललो? त्या हसल्या. म्हणाल्या, मला माहितीय रे, पण होम ऑफिसला (यूकेच्या गृह खात्याला) नाही ना माहीत.

तर प्रश्न असे. बी.ई. इंग्रजीतून झालंय, ते चालत नाही का? धाकट्या भावाने २०२४ मध्ये कॅनडासाठी आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली होती, मीही तशीच देऊ का? कुणी बी-१ म्हणतं, कुणी बी-२, नक्की काय? आणि पासपोर्टवर माझं नाव एक, मार्कलिस्टवर वेगळ्या क्रमाने, त्याचं काय होतं?

---

टपरीवरचा | २० जानेवारी

एवढं काय त्यात. डुओलिंगोची परीक्षा द्या. घरबसल्या, लॅपटॉपवर, तासाभरात खेळ खलास. माझ्या मेव्हण्याचं अ‍ॅडमिशन त्याच्यावरच झालं.

---

थेम्सकाठी | २० जानेवारी

टपरीवाले, थांबा. मेव्हण्याचं झालं ते कॉलेजचं अ‍ॅडमिशन. विद्यापीठं स्वतःच्या जबाबदारीवर काय वाट्टेल ते स्वीकारतात. वर्क व्हिसाला डुओलिंगो चालत नाही. घरून दिलेली कुठलीच परीक्षा चालत नाही. धागाकर्त्याचे पैसे वाया घालवू नका.

नट-बोल्ट, सविस्तर लिहितो. इथे नऊ वर्षं आहे, आणि आमच्या कंपनीत भारतातून येणारी पोरं हाच प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी येतात.

आधी बी-१, बी-२. युरोपात भाषा किती येते ते मोजायची एक पट्टी आहे, ए-१ पासून सी-२ पर्यंत. स्किल्ड वर्करला इतकी वर्षं बी-१ पुरत होतं. मे २०२५ मध्ये इथल्या सरकारने श्वेतपत्रिका काढली, त्यात अट वाढवायचं ठरलं, आणि ८ जानेवारी २०२६ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना बी-२ लागू झालं. म्हणजे तुम्ही बारा दिवसांनी हुकलात. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं, चारही बी-२. तीन चांगले आणि एक कच्चा, हे चालत नाही. जे आधीपासून बी-१ वर इथे स्किल्ड वर्कर म्हणून आहेत त्यांना त्याच व्हिसाच्या मुदतवाढीला बी-१ च पुरतं, त्यामुळे इथल्या मित्रांचं ऐकून गोंधळू नका. त्यांचं त्यांच्यापुरतं खरं आहे.

आता सिद्ध करायचे रस्ते. इंग्रजी बहुसंख्यांची भाषा आहे असे काही देश सरकारने यादीत घातलेत, त्यांच्या नागरिकांना काहीच द्यावं लागत नाही. भारत त्यात नाही. यूकेतली पदवी असेल तर तीच पुरावा. तुमच्याकडे ती नाही. यूकेबाहेरची पदवी इंग्रजीतून असेल तर एक्टिस नावाच्या संस्थेकडून दोन गोष्टी लिहून आणाव्या लागतात: पदवी इथल्या बॅचलर्सच्या तोडीची आहे, आणि ती इंग्रजीतून शिकवली गेली. २०२१ पर्यंत हिचं नाव यूके नॅरिक होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल. आणि हे काहीच नको असेल तर सेल्ट, म्हणजे सरकारने मान्य केलेली परीक्षा मान्य केलेल्या केंद्रावर जाऊन द्यायची.

भावासारखी आयएल्ट्स? तीच, पण तीच नाही. पेपर तोच, गुण तसेच, वेळ तितकाच. पण तुम्हाला ‘आयएल्ट्स फॉर यूकेव्हीआय’ असं लिहिलेलीच बुक करायची (यूकेव्हीआय म्हणजे होम ऑफिसचा व्हिसा विभाग). साधी दिलीत आणि नवाच्या नऊ मिळाले तरी या कामाला शून्य उपयोग. दरवर्षी कुणीतरी ही चूक करतंच. बी-२ साठी प्रत्येक भागात किमान ५.५ हवेत. जनरल आणि अ‍ॅकॅडमिक, दोन्ही चालतात. तुम्हाला जनरल बरी पडेल, अ‍ॅकॅडमिकच्या लेखनात आलेख-बिलेख समजावून सांगत बसावं लागतं.

आयएल्ट्स नको असेल तर पीटीई अ‍ॅकॅडमिक यूकेव्हीआय नावाची परीक्षा आहे, तिथे प्रत्येक भागात ५९. लँग्वेजसर्टचीही आहे. ट्रिनिटीच्या परीक्षांची नावं वाचाल, पण ती केंद्रं फक्त यूकेत आहेत.

आणि हो, ‘लाइफ स्किल्स’ नावाची स्वस्तातली आयएल्ट्स दिसेल. तिच्यात फक्त ऐकणं आणि बोलणं असतं. ती लग्नाच्या व्हिसावाल्यांसाठी. हात लावू नका.

---

पाऊलवाट | २० जानेवारी

वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

खडूस_आजोबा | २१ जानेवारी

दीडशे वर्षं राज्य केलं, आमच्या पोरांना शेक्सपिअर घोकायला लावला, आमच्या कोर्टकचेऱ्या अजून त्यांच्या भाषेत चालतात, आणि आता विचारतात इंग्रजी येतं का म्हणून! त्या यादीत कोण देश आहेत ते तरी सांगा.

---

थेम्सकाठी | २१ जानेवारी

आजोबा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड हे आलेच. शिवाय जमैका, त्रिनिदाद, गयाना, माल्टा. गयाना-त्रिनिदादला भारतातूनच गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून बोटीत घालून नेलेल्यांचे पणतू आहेत, त्यांना माफ. जे बोटीत चढले नाहीत त्यांच्या पणतूंना परीक्षा.

---

खडूस_आजोबा | २१ जानेवारी

म्हणजे आमच्या पणजोबांचंच चुकलं.

---

सही-शिक्का | २१ जानेवारी

एक्टिसच्या रस्त्याने मी गेलो आहे, २०२३ मध्ये. काय झालं ते लिहितो म्हणजे नट-बोल्ट यांना ठरवता येईल.

माझा हिशोब साधा होता. परीक्षेची फी का भरा, चार वर्षं इंग्रजीतून इंजिनिअरिंग केलंय, पदवी हाच पुरावा. एक्टिसचा ऑनलाइन अर्ज खरंच सोपा आहे. पदवीचं प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्टा, पासपोर्ट, सगळं स्कॅन करून टाकलं. मग त्यांनी मागितला मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शनचा दाखला, म्हणजे अमुक विद्यार्थ्याला अमुक साली इंग्रजी माध्यमातून शिकवलं असं लिहिलेलं पत्र.

मी कॉलेजात गेलो. तेरा वर्षांनी. हेडक्लार्क तेच होते, त्यांनी मला ओळखलंही, चहा पाजला, आणि दुपारपर्यंत प्राचार्यांच्या सहीचं पत्र हातात दिलं. आनंदाने पाठवलं. एक्टिसकडून उत्तर: पदवी देणाऱ्या संस्थेचं पत्र पाठवा. पदवी देतं विद्यापीठ. कॉलेज नुसतं संलग्न.

मग विद्यापीठ. नाव लिहीत नाही. अर्ज, चलान, चलान भरल्याची पावती, पावतीची झेरॉक्स, कॉलेजचं शिफारसपत्र. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाच्या सुट्टीनंतर बोलावलं, सुट्टीनंतर साहेब मीटिंगला. असं चार चकरांत सहा आठवडे. शेवटी पत्र मिळालं. लेटरहेड जाड, शिक्का गोल आणि ठसठशीत, सही झोकदार. पायऱ्यांवर बसून वाचलं. पहिलंच वाक्य: ‘दिस इज टू सर्टिफाय दॅट द सेड स्टुडंट हॅज बीन लर्न इन इंग्लिश मीडियम.’

हॅज बीन लर्न.

मी परत खिडकीवर गेलो. म्हटलं, ताई, हे जरा दुरुस्त करून मिळेल का, इंग्रजी येतं हे दाखवायलाच हे पत्र आहे. त्यांनी पत्र पाहिलं, मला पाहिलं. म्हणाल्या, ‘सगळ्यांना हाच फॉरमॅट जातो. आजवर कुणी परत आलं नाही. दुरुस्तीचा वेगळा अर्ज करा.’

तसंच पाठवलं. एक्टिसने घेतलं. व्हिसा झाला. त्या पत्राची प्रत फ्रेम करून लीड्सच्या घरात लावली आहे, पाहुणे आले की दाखवतो.

सांगायचा मुद्दा: सीओएस (सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप) मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. तुमचं विद्यापीठ चटपट पत्र देणारं असेल तर पदवीचा रस्ता उत्तम, कारण पदवी शिळी होत नाही. सेल्टचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो. पण घड्याळ चालू झालं असेल तर खिडकीच्या भरवशावर राहू नका.

---

गवती चहा | २१ जानेवारी

‘हॅज बीन लर्न’ वाचून ऑफिसात मोठ्याने हसले, शेजारची विचारतेय काय झालं. आता हिला कसं समजावू.

---

कोथरूडची चिमणी | २२ जानेवारी

नावाच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आपल्याकडे बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि कुठे कुठे शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि गिव्हन नेमच्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं नाव एकत्र. परीक्षा बुक करताना डोळे मिटून पासपोर्ट उघडायचा आणि जसंच्या तसं उतरवायचं. वडिलांचं नाव गाळायचं नाही, ‘मिडल नेम’ असा रकाना दिसला म्हणून स्वतःचं डोकं चालवायचं नाही. परीक्षेच्या दिवशी तोच मूळ पासपोर्ट न्यायचा. झेरॉक्स, आधार, काही चालत नाही. मधल्या काळात पासपोर्ट नूतनीकरणाला टाकायचा विचार असेल तर आधी ते उरका, मग परीक्षेचं बघा.

क्रम उलटा असणं ही मोठी भानगड नाही. माझी मोठी होती. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. म्हणजे मधलं नाव बदललं (वडिलांच्या जागी नवरा), आडनाव बदललं. तीनपैकी दोन गोष्टी बदलल्यावर व्हिसाच्या साहेबाने ही तीच बाई आहे हे का मानावं? विवाह नोंदणीचा दाखला जोडला. पण माझा दाखला जुना, नुसता मराठीतला. त्यांचा नियम असा की कागद इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. वेल्शमध्ये असता तर चाललं असतं. भाषांतर करून घेतलं, काम झालं.

लग्न ठरलेल्या मुली हा धागा वाचत असतील तर: दाखला दोन्ही भाषांतला मागून घ्या. आणि नाव बदलायचं की नाही याचा विचार करताना हेही जमेला धरा. मी पुन्हा असते तर बदललं नसतं.

---

मिरजकरीण | २२ जानेवारी

नर्सिंगवाल्या कुणी वाचत असतील म्हणून. आमची वाट वेगळी आहे.

डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, मिडवाइफ आणि जनावरांचे डॉक्टर यांनी आपापल्या कौन्सिलच्या नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा दिलेली असेल तर व्हिसाला पुन्हा द्यावी लागत नाही. पण कौन्सिलची परीक्षा व्हिसापेक्षा अवघड असते, त्यामुळे फार खूश व्हायचं काम नाही. नर्सिंगच्या कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, आयएल्ट्स अ‍ॅकॅडमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यात ७ आणि लेखनात ६.५ लागतात. नट-बोल्ट भाऊंना ५.५ ला भागतंय.

मी ओईटी दिली. ती दवाखान्यातल्याच इंग्रजीवर असते. तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस चालतं. बोलण्याच्या परीक्षेत दोन प्रसंग देतात, समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो आणि आपण नर्स. पहिल्या वेळी मला आला घाबरलेला रुग्ण, त्याला इंजेक्शन नको होतं. मी आमच्या वॉर्डात बोलते तशी बोलायला गेले. म्हणजे ‘काही होत नाही काका, मुंगी चावल्यासारखं, बघा झालं पण’ याचं इंग्रजी. तेव्हा बोलण्यात बी हुकली. नंतर क्लासच्या मॅडमनी सांगितलं की तुम्ही त्याला विचारलंच नाहीत, भीती कशाची वाटते. तिकडे आधी विचारायचं असतं. पुढच्या वेळी तीन वेळा विचारलं आणि पास झाले.

माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) इंग्रजीतून, पण शाळा आरगची, मराठी. स्पेलिंगची भीती शेवटपर्यंत होती. लेखनात १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं, रुग्णाला पुढे पाठवतानाचं. केसपेपरातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं तीच परीक्षा. मी पहिल्यांदा सगळंच घेतलं होतं, त्याच्या मुलीच्या लग्नासकट.

---

वाकडा मणका | २२ जानेवारी

ताई, फिजिओथेरपिस्टला पण ही सूट आहे का?

---

मिरजकरीण | २२ जानेवारी

नाही हो. त्या यादीत फिजिओ नाहीत. तुम्हाला पदवी-एक्टिस नाहीतर सेल्ट.

---

टपरीवरचा | २३ जानेवारी

आमच्या इथे एक एजंट आहे. म्हणतो अभ्यास करायची गरज नाही, गॅरंटेड ६.५, निकाल डायरेक्ट सिस्टिममध्ये टाकतो, पैसे काम झाल्यावर. आधी थापा वाटल्या, पण दोघांचं झालं म्हणतो. कुणाला अनुभव?

---

थेम्सकाठी | २३ जानेवारी

टपरीवाले, आज दुसऱ्यांदा तुमच्यावर यायची वेळ. पण हे गंभीर आहे.

आजची ही सगळी कटकट ज्याच्यामुळे आहे ते ऐका. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं, की लंडनच्या केंद्रांवर टोईक नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेला उमेदवाराच्या जागी दुसराच माणूस बसतो, आणि बहुपर्यायी पेपरात एकजण उभा राहून उत्तरं मोठ्याने वाचून दाखवतो. होम ऑफिस हादरलं. परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेला, ईटीएसला, आवाज तपासायला लावले. तिने यूकेत झालेल्या ५८ हजारांवर परीक्षांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या. सत्त्याण्णव! त्यात खोटे होते तसे ज्यांनी स्वतः परीक्षा दिली असं म्हणणारेही खूप होते, आणि त्यांत भारतातली पोरं बरीच. व्हिसे रद्द, कॉलेजं बंद, कित्येकजण वर्षानुवर्षं कोर्टात लढत बसले. काही जिंकले. वय गेलं ते गेलं.

त्यानंतर एप्रिल २०१५ पासून परीक्षा कोण घेणार, कुठे घेणार, हे सरकारने आवळून आपल्या हातात घेतलं. साध्या आयएल्ट्सला आणि यूकेव्हीआयच्या आयएल्ट्सला वेगळं नाव का, याचं उत्तर हे आहे. निकालाला क्रमांक असतो, तो अर्जात लिहायचा, व्हिसा अधिकारी तो थेट ताडून बघतात. आपण दिलेल्या कागदावर त्यांचा विश्वासच नाही.

फसवणूक सापडली तर नुसता नकार येत नाही, दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. एजंटाचं काय जातं? तो ‘काम झाल्यावर पैसे’ म्हणतो कारण दहांपैकी तीन स्वतःच्या मेहनतीने पास होणारच असतात.

---

टपरीवरचा | २३ जानेवारी

बरं झालं विचारलं. मी नुसतं विचारत होतो हां, देणार नव्हतो.

---

खडूस_आजोबा | २३ जानेवारी

इतकी उठाठेव करण्यापेक्षा जर्मनीला जा. आपल्या सरकारने २०२४ मध्ये त्यांच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करारच केलाय, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा.

---

गवती चहा | २३ जानेवारी

आजोबा, तिथे जर्मन शिकावं लागतं. नामाला तीन लिंगं.

---

खडूस_आजोबा | २३ जानेवारी

मग मराठीत किती आहेत?

---

हेडफोनवाला | २४ जानेवारी

मुद्द्यावर येतो. मी गेल्या वर्षी पीटीई दिली, कारण निकाल दोन दिवसांत येतो. माझी अडचण इंग्रजीची नव्हती, कल्ल्याची होती. एका खोलीत दहा-बारा जण, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, आणि बोलण्याचा भाग सगळ्यांचा जवळजवळ एकदमच सुरू होतो. माझ्यासमोर नकाशा, मी म्हणतोय ‘उत्तरेला’, शेजारची मुलगी ठणठणीत आवाजात पाव भाजण्याची कृती वाचतेय. मी मध्येच ‘ओव्हन’ म्हणालो. शप्पथ. गाडी थांबवायची नाही, अडखळलात तरी पुढे बोलत राहायचं, समोर माणूस नसतो, संगणक असतो, आणि मशीनला शांतता आवडत नाही. आपण मारुतीस्तोत्र म्हणतो तशी एक लय धरली की बरं पडतं.

माणसासमोर बोलायला ज्यांना संकोच वाटतो त्यांनी पीटीई द्यावी. ज्यांना भिंतीशी बोलायला संकोच वाटतो त्यांनी आयएल्ट्स.

---

नट-बोल्ट | २५ जानेवारी

सगळ्यांचे आभार. सही-शिक्का यांची गोष्ट घरी वाचून दाखवली, बायको म्हणाली विद्यापीठात जायचं नाव काढू नकोस. तरी काल कॉलेजला फोन लावला. ‘परीक्षा विभागाचा नंबर घ्या’ असं म्हणून जो नंबर दिला तो त्याच टेबलावर वाजला. मला मागे घंटी ऐकू आली.

आयएल्ट्स फॉर यूकेव्हीआय, जनरल, पुणे, १४ फेब्रुवारी बुक केली. वडिलांच्या नावासकट. एचआरच्या बाईंना विनंती केली की सीओएस निकालानंतर काढा, म्हणजे तीन महिन्यांचं घड्याळ उगाच सुरू नको. त्या लगेच हो म्हणाल्या. हे ज्यांना जमेल त्यांनी करा.

तयारी कशी करू? रोज तिकडच्या लोकांशी भांडतो, पण परीक्षेतलं इंग्रजी वेगळं वाटतंय. काल वाचनाचा सराव पेपर सोडवला, ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ मध्ये सपशेल झोपलो.

---

थेम्सकाठी | २५ जानेवारी

नॉट गिव्हन हे आपल्या लोकांचं हक्काचं मरण. उताऱ्यात लिहिलेलं नाही पण आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण ‘ट्रू’ ठोकतो. तुम्ही क्वालिटीवाले ना? इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये जे मोजलं नाही ते तुम्ही ओके लिहिता का? तसंच.

ऐकण्याची ध्वनिफीत एकदाच लागते, आणि उत्तर बरोबर पण स्पेलिंग चुकलं तर गुण जातो. अकोमोडेशनमध्ये दोन सी, दोन एम. हा एक शब्द मी पोरांकडून दहादा लिहून घेतो. लेखनात पत्र १५० शब्दांचं, निबंध २५० चा, दोन्हींना मिळून एक तास. निबंधाला जास्त वजन, म्हणून निम्म्याहून जास्त वेळ त्याला ठेवा. आणि ऑफिसच्या ईमेलचं इंग्रजी तिथे आणू नका. ‘काइंडली डू द नीडफुल’ वर गुण मिळत नाहीत.

---

नट-बोल्ट | २५ जानेवारी

‘डू द नीडफुल’ चुकीचं आहे?? पंधरा वर्षं लिहितोय.

---

नट-बोल्ट | १५ फेब्रुवारी

काल दिली. वृत्तांत.

सकाळी लवकर पोचलो. पासपोर्ट बघितला, फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले, घड्याळ आणि पाकीट बाहेर ठेवायला लावलं. खोलीत कॅमेरे. आमच्या रांगेत सगळी विशी-बाविशीची मुलं, मी एकटा टक्कल. एका मुलीने ‘सर, वॉशरूम कुठे?’ विचारलं, तिला मी पर्यवेक्षक वाटलो.

ऐकणं बरं गेलं. एका ठिकाणी पोस्टकोड लिहून घ्यायचा होता, ‘बी’ का ‘डी’ यात अडकलो आणि पुढची दोन उत्तरं निसटली. वाचनात रिपोर्टची युक्ती लागू पडली, थेम्सकाठी, तुम्हाला एक पार्टी. निबंधाचा विषय सांगायचा नाही अशी सही घेतलीय, पण माझ्याच पोटापाण्यावर उठलेला विषय होता एवढं सांगतो. मी विरोधात लिहायला गेलो आणि मुद्दे सगळे बाजूने सुचत होते. शेवटचं वाक्य अर्धवट राहिलं.

बोलण्यात कार्ड आलं, एक मिनिट विचार करायला, दोन मिनिटं बोलायला. तुम्हाला काही शिकवणाऱ्या माणसाबद्दल सांगा. मी ठरवून इंजिनिअरिंगच्या सरांची तयारी करून गेलो होतो, आणि तोंडातून निघालं ते गावातल्या सायकलवाल्या अण्णांचं. पंक्चर पाण्यात कसं शोधतात, बुडबुडा आला की बोट कसं ठेवायचं, सोल्युशन लावल्यावर फुंकर मारून थांबायचं का असतं. व्याकरण गेलं चुलीत. परीक्षक बाई लिहायच्या थांबल्या आणि ऐकायला लागल्या. दोन मिनिटं झाली तेव्हा मी अजून ट्यूब रिममध्ये बसवत होतो.

---

मिरजकरीण | १५ फेब्रुवारी

झालं तुमचं काम. लिहून ठेवा.

---

नट-बोल्ट | १८ फेब्रुवारी

ऐकणं ७.५, वाचन ७, बोलणं ७, लेखन ६. सरासरी ७.

लेखनात पाय अडकला असता तर सगळंच गेलं असतं. निकालावर यूकेव्हीआयचा क्रमांक आहे, तो एचआरला पाठवला, सीओएसचं काम सुरू झालंय. आता टीबीची तपासणी, ती मान्य केलेल्या दवाखान्यातूनच करायची आहे, म्हणजे त्याचाही धागा काढावा लागणार बहुतेक.

---

गवती चहा | १८ फेब्रुवारी

अभिनंदन!! पेढे कुठे?

---

खडूस_आजोबा | १८ फेब्रुवारी

अभिनंदन. त्या सायकलवाल्या अण्णांना कळवलं का?

---

नट-बोल्ट | १८ फेब्रुवारी

आजोबा, फोन केला होता. म्हणाले, सात म्हणजे किती पैकी? नऊपैकी म्हटल्यावर म्हणाले, मग दोन कुठे गेले.

---

वाकडा मणका | १९ फेब्रुवारी

नट-बोल्ट भाऊ, अभिनंदन. सरावाची पुस्तकं द्यायची आहेत का? मी पिंपरीत असतो, मार्चमध्ये परीक्षा आहे.

---

नट-बोल्ट | १९ फेब्रुवारी

आहेत, दोन. एकात उत्तरं पेन्सिलीने लिहिली आहेत, खोडून घ्या. रविवारी सकाळी चिंचवड स्टेशनपाशी येतो, व्यनि (खासगी निरोप) करा.